खडकावर तंगूस टाकून जाणाऱ्यांनो

पुन्हा तेच. ओहोटी लागल्यावर खडकावर गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला गेलो आणि पहिलंच पाऊल पडलं ते कुणीतरी फेकलेल्या तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याच्या गुंत्यात. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर पाय अडकला की माणूस थेट कपारीत जातो, हे टाकणाऱ्याला कळत नाही का?

गरी, म्हणजे गळाचा आकडा, खडकात अडकते, तंगूस तुटतो, मान्य. कपारीत रुतलेलं गळाचं शिशाचं वजन कुणालाच काढता येत नाही. पण रिळावरचा गाठी पडलेला तंगूस स्वतःच्या हाताने कापून तिथेच सोडायचा? नायलॉन आहे तो, वर्षानुवर्षं कुजत नाही. पाण्यात तर दिसतही नाही. भरती आली की त्यात खेकडे अडकतात, मासे अडकतात. पक्ष्याच्या पायाला वेढा बसला की तो आवळतच जातो, रक्त थांबतं, शेवटी पाय झडतो. असा एका पायाचा पक्षी मी पाहिलाय. त्या दिवशी गळ टाकायची इच्छाच उरली नाही.

अरे, मुठीत मावेल एवढा गुंता असतो! खिशात घाला, घरी न्या, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. आज मी अर्धी पिशवी भरून आणली. आणि पुढच्या ओहोटीला त्याच खडकावर नवा गुंता पडलेला असणार.