एक बाई, दोन रकाने

तुमची बढती झाली. न्यू जर्सीतल्या ऑफिसात तुम्ही आता मॅनेजर आहात, आणि तुमच्या टीममध्ये एक कृष्णवर्णीय बाई आहे. गडबडून जाऊ नका. अमेरिकन कंपन्यांनी या बाबतीत गेली साठेक वर्षं फार बारकाईने काम करून ठेवलंय. आपल्याला नवीन काही शोधायचं नाही, चालत आलंय ते पुढे चालवायचं.

आधी गणित समजून घ्या. कंपनीच्या अहवालात 'स्त्रिया किती' असा एक रकाना असतो आणि 'कृष्णवर्णीय किती' असा दुसरा. ती दोन्हीत मोजायची. एका पगारात दोन आकडे सुधारतात. आणि पगार तरी केवढा? अमेरिकेत गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे कृष्णवर्णीय बाईच्या हाती साधारण दोन-तृतीयांश पडतात. त्याने डिसेंबरअखेर जेवढे कमावले, तेवढे हाती यायला तिला पुढच्या जुलैपर्यंत राबावं लागतं, म्हणून जुलैत तिकडे एक दिवसही पाळतात. त्या दिवशी लिंक्डइनवर कळकळीची पोस्ट टाका. पगारवाढीचा विषय मार्चमध्येच संपलेला असतो, त्यामुळे पोस्टला काही धोका नाही.

टीममध्ये अशी एकच का, असं कुणी विचारलं तर म्हणा, 'पाइपलाइनच नाही हो,' म्हणजे लायक उमेदवारच येत नाहीत. बोस्टन आणि शिकागोत दोन अर्थतज्ज्ञांनी सुमारे ५,००० खोटे बायोडेटा नोकरीच्या जाहिरातींना पाठवून पाहिले होते. बायोडेटा एकाच तोलाचे, फक्त वर नाव कुठे एमिली, कुठे लकिशा. २००४ मध्ये निष्कर्ष छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी. पण हे सांगत बसू नका. लकिशाचा अर्ज बाजूला सारणारा हात पाइपलाइनमध्ये कुठेच दिसत नाही, हीच तर पाइपलाइनची सोय आहे.

आता केस. हा विषय नाजूक आहे, म्हणून थेट हात घाला. तिने वेण्या घातल्या की 'अय्या, खरे आहेत का?' आणि दुसऱ्या दिवशी मोकळे सोडले की 'आज काही खास?' यावर कुणी नाक मुरडलं तर न्यायालयं तुमच्या पाठीशी आहेत. अमेरिकन एअरलाइन्समध्ये अकरा वर्षं काम केलेल्या रेनी रॉजर्स यांना बारीक वेण्यांची, म्हणजे कॉर्नरोजची, मनाई झाली. त्या न्यूयॉर्कच्या कोर्टात गेल्या. १९८१ मध्ये निकाल लागला की वेण्या काही जन्मजात नसतात, सबब हा वंशभेद नव्हे. शिवाय अशा वेण्या एका गोऱ्या नटीने सिनेमात घातल्या आणि त्यानंतर लगेच या बाई तशा वेण्यांत कामावर आल्या, याचीही न्यायाधीशांनी नोंद घेतली. आफ्रिकेतल्या आज्या-पणज्या गेल्या उडत. ड्यूटीवर असताना अंबाडा घालून वर गंगावन गुंडाळा, अशी कंपनीची सवलत होती. त्याने डोकं फार दुखतं, अशी बाईंची तक्रार. कोर्टाने त्यावर सुचवलं की मग मोठं गंगावन घ्यावं. माझ्या मते कॉर्पोरेट अमेरिकेच्या समजूतदारपणाचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण आहे.

जुनी गोष्ट आहे म्हणाल, तर २०१० ची घ्या. अलाबामातल्या मोबील शहरात एका तरुणीला कॉल सेंटरची नोकरी मिळाली, तेवढ्यात एचआरच्या बाईंचं लक्ष तिच्या जटांकडे, ड्रेडलॉक्सकडे गेलं. असे केस विस्कटतात, तुझे तसे आहेत असं नाही म्हणत मी, पण तुला कळतंय ना, अशा अर्थाचं त्या बोलल्या. हे तोंडपाठ करा: आरोप पूर्ण झाला आणि केलाही नाही. मुलीने केस कापले नाहीत, नोकरी गेली, आणि २०१६ मध्ये अपील कोर्टात कंपनी जिंकली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन कायदा केला, आणि त्याच वर्षी तुमच्या न्यू जर्सीनेही केला. तेव्हा यापुढे 'केस' म्हणू नका, 'एकंदर प्रेझेंटेशन' म्हणा.

मीटिंगमध्ये ती बोलली तर अप्रेझलमध्ये 'टोन जरा आक्रमक', आणि गप्प बसली तर 'पुरेसा सहभाग नाही'. तिचाच मुद्दा दहा मिनिटांनी एखाद्या ब्रायनने मांडला की 'ग्रेट पॉइंट, ब्रायन'. फायनान्समधल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय बाईच्या नावाने तिला वर्षातून दोन-तीनदा हाक गेली तर चालतं, नंतर हसायचं. विविधता समितीचं काम मात्र तिलाच द्या. ते फुकट असतं आणि बढतीत धरत नाहीत.

एवढं करूनही तक्रार आलीच, तर मघाचं गणित उलटं करायचं. याचा आद्य धडा सेंट लुईसला जनरल मोटर्सच्या खटल्यात मिळतो. नोकरीत वंश किंवा लिंगावरून भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ चा. त्याआधी कंपनी कृष्णवर्णीय बायकांना जवळपास घेतच नव्हती. सत्तरच्या दशकात मंदी आली, कंपनीने 'शेवटी आलेले आधी जातील' हा अगदी निःपक्षपाती नियम लावला, आणि १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका घरी गेल्या. कारण शेवटी यायची पाळी त्यांच्यावरच आणलेली होती. एमा डीग्राफेनरीड आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनी बायकांना घेत होती की, म्हणजे लिंगभेद नाही. (त्या बायका गोऱ्या होत्या.) आणि वंशभेद म्हणाल, तर त्याचा एक वेगळा खटला चालू आहे, तिकडे जा. दोन्ही मिळून एक तक्रार करता येणार नाही, तसं केलं तर पँडोराची पेटी उघडेल.

अहवालात दोनदा मोजलेली बाई कोर्टात एकदाही मोजली गेली नाही. किम्बर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये हाच खटला उकलून 'इंटरसेक्शनॅलिटी' ही संकल्पना मांडली: वंशभेद आणि लिंगभेद एकाच बाईवर एकत्र येतात, ते सुटे करून पाहिले तर दिसतच नाहीत. तुमच्या कंपनीत त्यावर पंचेचाळीस मिनिटांचं ट्रेनिंग असेल. म्यूट करून ठेवलं तरी शेवटी सर्टिफिकेट मिळतं.

तडजोडीचे पैसे द्यायची वेळ आली तर तिथेही पायंडा आहे. २०२० च्या जूनमध्ये इफोमा ओझोमा आणि एरिका शिमिझू बँक्स या दोन कृष्णवर्णीय बायकांनी पिन्टरेस्ट या सोशल मीडिया कंपनीतल्या भेदभावाबद्दल जाहीरपणे सांगितलं. दोघींशी न्यायानेच वागलो, असं कंपनी म्हणाली. कंपनी सोडताना त्यांना वर्षभराच्या पगाराहूनही कमी रक्कम मिळाली होती. त्याच डिसेंबरात तिथल्याच एका गोऱ्या माजी उच्चाधिकारी बाईंचा लिंगभेदाचा दावा मिटला, २ कोटी २५ लाख डॉलरला. मात्र ओझोमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांच्या खटपटीतून कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये असा कायदा झाला की भेदभाव सोसलेल्या माणसाचं तोंड करारनाम्याने बंद करता येत नाही. तेव्हा कागद पुढे सरकवण्याआधी वकिलाला विचारा.

वैतागून ती स्वतःचा धंदा काढायला गेली, तरी काळजी नको. अटलांटाचा फिअरलेस फंड कृष्णवर्णीय बायकांच्या उद्योगांना २०,००० डॉलरची मदत देत होता. इतर वंशाच्यांना यात डावललं जातं म्हणून त्यावर २०२३ मध्ये दावा लागला, तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली. नुकत्याच सुटलेल्या गुलामांना करारमदार करता यावेत म्हणून केलेला कायदा, आणि तो लागला कृष्णवर्णीय बायकांना. २०२४ मध्ये ती योजना बंद झाली.

राहता राहिलो आपण. ती काही सांगू लागली की लगेच आपल्या ग्रीन कार्डच्या रांगेची कहाणी सुरू करा, म्हणजे तिचं राहून जातं. आपण त्या देशात शिरलो ते १९६५ च्या ज्या कायद्याने, तो नागरी हक्क चळवळीच्या लाटेतच आला, हा निव्वळ योगायोग समजा. घरी फोनवर 'तो एरिया जरा तसलाच आहे' म्हणताना मात्र मराठीत म्हणा.

फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथला, भाषण करायला तुम्हालाच उभं करतील. तेव्हा फुल्यांना काढा, हमखास टाळ्या मिळतात. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना, हे ऐकून तुमचा व्हाइस प्रेसिडेंट भारावून जाईल. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, अशी इच्छाही त्यांनी तिथेच लिहून ठेवली आहे. तेवढं वगळा, ती पहिल्या रांगेत बसलेली असेल. आणि प्रश्नोत्तरांना वेळ ठेवू नका.