कोंबडीचा पंख आणि माणसाचा हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

'कोंबडीच्या अंड्यांतले प्रयोग सांगून माणसाच्या हाताविषयी निष्कर्ष काढणे हा वाचकांच्या अज्ञानाचा गैरफायदा आहे,' असे आपण, गर्भात हाताची बोटे कशी घडतात यावरच्या माझ्या लेखाखाली, लिहिले आहे. शंका घेणे वेगळे आणि लेखकाच्या हेतूवर घसरणे वेगळे. स्वतःच्या विज्ञानाच्या पदवीचा आवर्जून उल्लेख करणाऱ्या वाचकाला हा फरक सांगावा लागू नये. विद्यार्थिदशेत अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून, गर्भाच्या कुशीवर पंखाचे अंकुर वर येताना मी स्वतः पाहिले आहेत आणि पुढे नोकरीभर हाच विषय शिकवला आहे. तेव्हा अज्ञान कोणाचे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

सॉन्डर्स आणि गॅसलिंग या संशोधकांनी 1968 मध्ये पंखाच्या अंकुराच्या मागच्या कडेची ऊती दुसऱ्या अंकुराच्या पुढच्या कडेला बसवली, तेव्हा एरवी तीन बोटे असणाऱ्या पंखात बोटांचा आणखी एक संच, आरशात दिसावा तसा उलट्या क्रमाने, तयार झाला. हे त्या ऊतीतल्या सॉनिक हेजहॉग प्रथिनामुळे घडते, असे 1993 मध्ये टॅबिन या संशोधकाच्या प्रयोगशाळेने दाखवले. ही नावे आणि साले मूळ लेखात यायला हवी होती, एवढे आपले म्हणणे मला मान्य आहे.

परंतु हे प्रथिन बनवणारे जनुक माणसातही आहे, आणि हातापायांच्या अंकुरात ते कोठे चालू व्हावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा त्याच्यापासून सुमारे 10 लाख अक्षरे दूर आहे. त्या तुकड्यातले योग्य जागचे एकच अक्षर बदलले, तरी जनुक अंगठ्याच्या बाजूलाही चालू होते आणि मूल त्या बाजूला जादा बोट किंवा तीन पेरांचा अंगठा घेऊन जन्माला येऊ शकते. जादा बोटामागे दर वेळी हेच कारण असते असे नाही. पण असा बदल असलेली कुटुंबे तपासली गेली आहेत, आणि जादा बोटांच्या मांजरांत व उंदरांतही याच तुकड्यातले बदल सापडले आहेत. कोंबडीत जे कलमाने घडवले, तेच येथे जन्मतः घडलेले दिसते. माणसाच्या गर्भावर कलम करून पाहावे, अशी तर आपली अपेक्षा नसावी?

बोटे सुटी होताना त्यांच्यामधल्या पेशी मरतात, याविषयीचा आपला आक्षेप, लेखाचा उत्तरार्ध वाचला असता तर उद्भवला नसता. भाषा 'बोजड' असल्याच्या तक्रारीवर मला काहीही म्हणायचे नाही.