स्वयंस्फूर्त खेळ : 3.40 ते 3.55

आमचे एक पत्र चुकून तळमजल्यावरच्या काकांच्या पेटीत पडले, ते देण्यासाठी काका वर आले आणि जाताना माझ्या हातात सुट्टीचे एक वेळापत्रक ठेवून गेले, एवढीच घटना आहे. परंतु ते वेळापत्रक त्यांनी ज्या स्वरात दिले तो अजून माझ्या कानांतून गेलेला नाही. बुडणाऱ्या माणसाकडे दोर फेकावा आणि फेकता फेकता त्याने पोहणे का शिकून घेतले नाही हेही विचारावे, तसा तो स्वर होता.

दार उघडे होते आणि माझी मुलगी जमिनीवर पाठ टेकून, दोन्ही पाय भिंतीला उभे लावून छताकडे पाहत होती. काकांचे आयुष्य दप्तर तपासणीत गेलेले असल्यामुळे पत्र माझ्याकडे देऊन ते तिच्याकडे वळले.

"काय करतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे पडले आहे."

"बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग पडलीस का?"

"बरं आहे म्हणून."

या उत्तरावर शेरा काय मारावा, हे काकांना क्षणभर सुचले नाही. त्यांनी छताकडे पाहिले, तिथे काहीच नाही याची खात्री करून घेतली आणि मग तपासणीचा रोख माझ्याकडे वळवला. मुलगी वाचते का, असे त्यांनी विचारले. वाचते, सध्या भुतांच्या गोष्टी वाचते, असे मी सांगितले. "ते अवांतर झालं. मी वाचन म्हणतोय," काका म्हणाले. ती रोज सकाळी थोडा वेळ गणिते सोडवते, हे मी किंचित अभिमानानेच सांगितले, कारण ती गणिते ती कुरकुर न करता सोडवते आणि हे कोणालातरी सांगण्याची संधी मी शोधतच होते. काकांचा चेहरा एकदम करुण झाला.

"सुट्टीत गणितं? अहो, जरा मोकळं सोडा लेकरांना! आमच्या वेळी सुट्टीत पुस्तकाला हात लावला तर घरचे रागवायचे."

म्हणजे अवघ्या पाच मिनिटांत त्याच उंबरठ्यावर त्याच मुलीला वेळ वाया घालवणारी आणि माझ्या जाचाखाली पिचलेली, अशी दोन्ही प्रमाणपत्रे मिळाली. गणित करणारी मुलगी आणि पाय वर करून पडलेली मुलगी एकच असू शकते, किंबहुना सकाळी गणित केले म्हणूनच ती दुपारी इतक्या निश्चिंतपणे पडू शकते, हे समजावण्यासाठी मी तोंड उघडले. तोवर काकांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातला, चौघडी घातलेला कागद बाहेर काढला होता. त्यांच्या पाचवीतल्या नातवासाठी त्यांनी स्वतः आखलेले ते वेळापत्रक होते.

त्या कागदाचे वर्णन केल्यावाचून मला राहवत नाही. पहाटे 5.30 ला उठणे आणि रात्री 10 ला झोपणे यांच्यामध्ये तांबड्या रेघांचे इतके रकाने होते की त्यांतून पळून जायला मुंगीलाही जागा नव्हती. अभ्यासाचे तुकडे 25 मिनिटांचे आणि त्यांच्यामध्ये 5 मिनिटे 'विश्रांती (बसून)' असे होते. दुपारी 3.40 ते 3.55 'स्वयंस्फूर्त खेळ' आणि रात्री 8.45 ते 9.00 'मनमोकळ्या गप्पा' होत्या. शेवटच्या दोन रकान्यांत 'शेरा' आणि 'पालकांची सही' होती. मनमोकळ्या गप्पांवर सही नेमकी कशाची करायची, हे मी विचारले नाही, कारण काकांकडे त्याचेही उत्तर असणार.

"पंचवीस आणि पाच. शास्त्रीय पद्धत आहे," ते म्हणाले. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून स्वतःसाठी शोधली, कारण त्याचे लक्ष अभ्यासात लागत नव्हते. त्याच्या घड्याळाची किल्ली त्याच्याच हातात होती, कोणाच्या आजोबांच्या नव्हे, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

शास्त्राचा विषय निघालाच आहे, तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाविषयीही थोडे सांगते. त्याने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करून, 1885 मध्ये स्मरणशक्तीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले, की एकाच दिवशी सलग केलेल्या 68 आवर्तनांनी जेवढे साधले, तेवढेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी साधले. तीस आवर्तने वाचली आणि ती वाचवली कोणी, तर मधल्या रिकाम्या काळाने. निरर्थक अक्षरे घोकणाऱ्या त्या माणसाला तळमजल्यावरच्या कोणी "हे काय करता?" असे विचारले नसावे, विचारले असते तर विज्ञानाचे मोठे नुकसान झाले असते.

झोपेचा हिशेबही मी मनातल्या मनात केला. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने 2016 साली सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप सुचवली आहे. काकांच्या कागदावर ती साडेसात तास होती. बाकीची झोप बहुधा 'विश्रांती (बसून)' मध्ये उरकायची असावी.

मात्र सगळा दोष काकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांनी निदान कागद स्वतः आखला. शाळेकडून सुट्टीचा जो गृहपाठ येतो, तो कोणी आखला आहे हेच कळत नाही. रोज एक पान शुद्धलेखन, रोज दहा उदाहरणे आणि एक प्रतिकृती. या प्रतिकृतीला डिंक मुलाचा आणि रात्रीचे जागरण आईचे लागते. रोजचे पान रोज लिहिले गेले तर एबिंगहाउसलाही आनंद होईल, पण सुट्टीनंतर पाने मोजली जातात, त्यांमागचे दिवस मोजले जात नाहीत. परिणामी ती सगळी शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री एका दमात, एकाच शाईत आणि उत्तरोत्तर बिघडत जाणाऱ्या अक्षरात लिहिली जातात. विसरण्याची याहून खात्रीची पद्धत नसेल. तोवर मात्र संपूर्ण सुट्टीभर तो गृहपाठ खेळणाऱ्या मुलाच्या मानेवर बसलेला असतो. म्हणजे अभ्यास होत नाही तो नाहीच आणि खेळही चोरून केल्यासारखा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या 31 व्या कलमात मुलाचा विश्रांतीचा, फावल्या वेळेचा आणि खेळाचा हक्क मान्य केलेला आहे. तिथे सहीचा रकाना असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

असो. काका निघताना म्हणाले, "मूळ प्रत आहे. झेरॉक्स काढून परत करा." म्हणजे मी न मागितलेल्या सल्ल्याचा टपालखर्चही माझ्याच अंगावर पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातू दारात उभा राहिला. आजोबांनी कागद मागितला आहे, असे सांगून तो हातातल्या घड्याळाकडे पाहू लागला. एवढी घाई कसली, असे मी विचारले.

"आत्ता स्वयंस्फूर्त खेळ चालू आहे," तो म्हणाला, "त्यातली चार मिनिटं जिन्यात गेली."

"आणि आजोबा काय करताहेत?"

"झोपलेत."

कागद माझ्या समोरच टेबलावर होता. त्यावर मी वर्तमानपत्र ठेवले आणि कागद कुठेतरी गेला आहे, शोधावा लागेल, तोवर तू आत थांब, असे त्याला सांगितले. शोध दिवेलागणीपर्यंत चालला. आतल्या खोलीतून आधी पत्त्यांचा, मग भांडणाचा आणि मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

रात्री काका स्वतः वर आले. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, रकाने सगळे शाबूत आहेत ना ते पाहिले आणि दाराबाहेर पडता पडता म्हणाले, "वस्तू जागच्या जागी नसल्या की असं होतं. मुलांचं सोडा हो, शिस्त आधी मोठ्यांना लागते."