चादर दोन टॉवेल चार

सोलापूरच्या माणसाला पुण्याला नुसतं जाता येत नाही. हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट निघाल्याची बातमी नातेवाइकांना कशी लागते कुणास ठाऊक, पण यादी येतेच. परवा चाटी गल्लीत दुकानात उभा होतो, तेवढ्यात मोबाईलवर मावशी अवतरली: "चादर दोन टॉवेल चार पाकिटं शेंगाचटणी आणि कडक भाकरी".

दुकानदाराने मोबाईल हातात घेऊन ते मोठ्याने वाचलं. "चादर दोन, का दोन टॉवेल? नीट सांगा की ओ." प्रश्न रास्त होता. चादर दोन, टॉवेल चार असंही वाचता येत होतं. एक चादर, दोन टॉवेल, चार पाकिटं चटणी असंही. फोन लावला. "अरे, वाचताना दोनपाशी थांबायचं!" मावशी म्हणाली. दोनच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारेपर्यंत तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि फोन बंद. बोलताना जी श्वासाला थांबत नाही, ती लिहिताना काय थांबणार!

तसं तिचं घराणं जुनं. जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबाने ती मराठीत रुजवली. मावशीपर्यंत साहेब पोचला नाही, एवढंच.

मी फॅमिली ग्रुपवर गाऱ्हाणं घातलं. मावसभाऊ इंग्रजीचा प्राध्यापक. त्याला तेवढंच हवं होतं. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण' अशा अर्थाचे शब्द होते आणि 'किंवा'आधी कॉमा नव्हता. म्हणजे वितरण हे वेगळं काम, की पॅकिंगच वितरणासाठी? एका डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते. ते कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. या कॉमाला म्हणे ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ड्रायव्हरांचं भलं झालं, आनंद आहे. पण माझ्यासमोर चादरींची चवड तशीच होती.

शेवटी दोन चादरी आणि चार टॉवेल बांधायला सांगितले. जास्त झाले म्हणून मावशी काही परत पाठवणार नव्हती.

पैसे देतोय तोवर प्राध्यापकांनी यादी दुरुस्त करून पाठवली: "चादर, दोन, टॉवेल, चार, पाकिटं, शेंगाचटणी, आणि, कडक, भाकरी."

दुकानदाराने तीही वाचली. "रिकामी पाकिटं आमच्याकडं नाहीत ओ," तो म्हणाला, "शेजारी बघा."