रिजेक्शन नोट

मी गेली १६ वर्षं क्वालिटीत आहे. सुरुवात भोसरीत, आता चाकण. आमच्याकडे सप्लायरचा माल नापास झाला की लाल ट्रेमध्ये जातो आणि त्याच्याबरोबर एक कागद जातो. कुठलं माप, ड्रॉइंगवर काय, प्रत्यक्षात काय निघालं. 'बोअर ०.०३ ने मोठा.' कारण न लिहिता माल परत धाडला तर सप्लायर गेटवर येऊन भांडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

मार्चमध्ये मी स्वतः लाल ट्रेमध्ये गेलो. तळेगावकडची कंपनी, नाव नको. तीन राउंड झाले. तिसऱ्याला प्लांट हेड, चहा, बिस्किटं, "कोथरूडहून रोजचं येणं-जाणं झेपेल ना?" घरी येऊन बायकोला सांगून मोकळा झालो, की झालंच आता. त्यानंतर १७ दिवस सामसूम. मग एचआरची मेल: तुमचा बायोडेटा आम्ही पुढच्या संधीसाठी जपून ठेवू. जपून काय ठेवता, लोणचं आहे का ते?

रात्रीच उत्तर ठोकलं, "माझं नेमकं काय चुकलं ते कळेल का?" त्याला आजतागायत उत्तर नाही. आई म्हणाली, "नाही म्हणाले ना, मग पुन्हा त्यांच्या दारात कशाला उभा राहतोस?" आपल्याकडे विचारणं म्हणजे हात पसरणं, हे डोक्यात फार खोल बसलंय.

तसं बघितलं तर यूपीएससीवाल्यांना निदान आकडा तरी मिळतो. मुलाखतीचे २७५ पैकी किती, हे अंतिम निकालानंतर कळतं. तेवढेच का, ते तिथेही कोणी सांगत नाही. सरकारी कचेरीत १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज तरी टाकता येतो. खासगी कंपनीत तीही सोय नाही.

राग निवला तेव्हा एक गोष्ट आठवली आणि ओशाळलो. मीही आजवर तीसेक जणांचे इंटरव्ह्यू घेतलेत. कारण किती जणांना कळवलं? एकालाच. त्याला फोनवर म्हणालो, तुमचा गेजेसचा अभ्यास कच्चा आहे. तो वीस मिनिटं मला पटवत राहिला की कच्चा मीच आहे. पुन्हा त्या भानगडीत पडलो नाही. एचआरचंही म्हणणं, लेखी काही देऊ नका, उद्या तेच कागद आपल्यासमोर नाचवतील. शिवाय खरी कारणं सांगण्यासारखी असतात कुठे? एक पोरगा उत्तम होता, पण त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आणि आमची लाइन पुढच्या महिन्यात सुरू होणार होती. एकदा तर आतला माणूस आधीच ठरला होता, बाहेरच्या चौघांना नुसतं फॉर्म्यालिटी म्हणून बोलावलं. चौघंही रजा टाकून आले होते. हे मेलमध्ये कसं लिहिणार?

मग दुसऱ्या राउंडच्या क्वालिटी मॅनेजरना फोन लावला. नंबर त्यांनीच दिला होता. म्हटलं, "साहेब, निर्णयाबद्दल काही म्हणणं नाही. पुढच्या इंटरव्ह्यूआधी एकच गोष्ट सुधारायची असेल तर कुठली?"

जरा थांबून म्हणाले, "राग मानू नका. तुम्ही दर उत्तरात 'आम्ही केलं, आम्ही केलं' म्हणत होतात. तुम्ही स्वतः काय केलंत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि कस्टमर कंप्लेंटचं विचारलं तर एट-डी सांगताना डी-थ्रीवरच थांबलात. माल सॉर्ट केला. बरं, मूळ कारण?"

दोन मिनिटांचा फोन. एट-डी म्हणजे तक्रार निस्तरायच्या आठ पायऱ्या; तिसरीत तात्पुरता बंदोबस्त, मूळ कारण चौथीत. 'मी मी करू नये' हे लहानपणापासून ऐकलेलं, ते असं तळेगावात आडवं आलं. आणि मूळ कारण शोधणं हे तर माझं रोजचं काम! पोटासाठी तेच करतो आणि बोलताना नेमकं तेच गाळलं. 'माझं काय चुकलं' असं विचारलं असतं तर त्यांनी हे सांगितलं नसतं, याची मला खात्री आहे. त्या प्रश्नाला समोरचा आधी स्वतःची बाजू सांभाळतो.

मागच्या गुरुवारी आमच्याकडे एका डिप्लोमाच्या मुलीला नाही म्हणायचं होतं. एचआरला म्हटलं, मेल तुम्ही करा, फोन मी करतो. तिला सांगितलं, मायक्रोमीटर तुम्ही व्यवस्थित वाचलात, पण कंट्रोल प्लॅन विचारला तेव्हा पाठ केलेलं बोलत होतात. आता वाद होणार म्हणून मी तयारीतच होतो.

"सर, एक मिनिट थांबाल? पेन घेते."