चित्रकलेचा तास परत द्या

आज सकाळी लेकीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचा निरोप आला. इंटरमिजिएट ही चित्रकलेची सरकारी परीक्षा झाली, त्यामुळे नववीचा चित्रकलेचा तास बंद, त्या जागी गणिताचा ज्यादा तास. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. 'योग्य निर्णय सर', 'गरजच होती'. एका पालकांनी तर लिहिलं, "तसेही सातच मार्क मिळतात."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. बँकेत दिवसभर हेच घोळत होतं, म्हणून आता लिहायला बसलेय.

सात मार्क! ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3, दहावीत वाढीव. त्या मार्कांनी एखाद्या पोराचा प्रवेश होतो, मान्य. पण आपण काय करून ठेवलंय? वस्तुचित्रातली बादली आणि कांदे पाठ. स्मरणचित्रातला बाजार पाठ, भाजीवाली कुठं बसवायची आणि छत्री कुठं लावायची तेसुद्धा ठरलेलं. बाजाराचं चित्र काढणाऱ्या पोराला लक्ष्मीपुरीच्या बाजारात अर्धा तास नुसतं उभं राहू दिलंय का कुणी? परीक्षा संपली की रंगपेटी माळ्यावर, आणि आता तर तासच गेला.

आमचे आण्णा उद्यमनगरात लेथवर होते. सातवीपर्यंत शिकलेले. मला चित्रं काढायला आवडतात एवढंच त्यांना कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सायकलवर पुढं बसवून मला रंकाळा तलावावर न्यायचे. मी काढत बसायची, ते शेजारी बसून पाण्याचा डबा धरायचे, गढूळ झालं की बदलून आणायचे. 'छान' म्हणायचे नाहीत, 'हे काय काढलंस' असंही कधी विचारलं नाही. नुसते बसायचे.

एकदा शाहू स्मारकला जलरंगांचं प्रदर्शन होतं, तिथं घेऊन गेले. एका चित्रापुढं थांबले ते हलेनातच. पाण्यावर ऊन चमकत होतं त्यात. शेवटी तिथं बसलेल्या चित्रकाराला विचारलं, "ह्ये चमाकतंय ते पांढऱ्या रंगानं केलंय व्हय?" ते म्हणाले, "नाही हो, तिथं रंगच नाही. कोरा कागद आहे, सोडलाय." आण्णांनी परत जवळ जाऊन बघितलं, नाक काचेला लागेल इतकं. पुढच्या खेपेला रंकाळ्यावर मी ब्रश टेकवणार तोच म्हणाले, "थांब. हितं कागद सोडायचा बघ." आणि खरंच, बरोबर तिथंच ऊन पडलं होतं.

लेथवरच्या माणसाला हे दिसलं. का दिसलं, तर बघायला वेळ दिला म्हणून. शाळेतला तो एक तास म्हणजे तेवढाच वेळ आहे हो, दुसरं काय?

आणि हे कुठं चाललंय, तर कोल्हापुरात! आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. आर्ट स्कूलमध्ये शिकून परत इथं आले आणि याच रंकाळ्याची, कोटितीर्थाची चित्रं काढत राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात मान दिला. बाबूराव पेंटर मेस्त्री घराण्यातले. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांनी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला आणि 1920 ला 'सैरंध्री' काढला. अल्लादिया खाँसाहेब इथं दरबारी गवई होते. गाण्याची संस्था देवल क्लब 1883 पासूनची. ही नावं आपण पाहुण्यांपुढं छाती फुगवून सांगतो. सांगायचा हक्क तरी राहिलाय का आपल्याला?

8 ऑगस्ट 2024 ची रात्र आठवा. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलेलं थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. अख्खं गाव रडलं. याच ग्रुपवर काळे डीपी लागले होते. आता अंगठा दाखवणाऱ्यांनीच तेव्हा 'कोल्हापूरचं वैभव गेलं' असं लिहिलं होतं. अहो, भिंती पुन्हा बांधता येतील. पण आत नाटक करणारं, बघणारं पोरगं कुठून आणणार? त्याला तर तुम्ही ज्यादा तासाला बसवलंय.

जेवण करून परत बसलेय. मघाशी जरा जास्तच तापले होते.

'सातच मार्क' लिहिणाऱ्या त्या ताईंना मी ओळखते. नवरा शिरोलीला फाउंड्रीत, त्या घरी शिलाई करतात, दोन पोरं. कलेवर पोट भरत नाही म्हणतात, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे. त्यांचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण ताई, मीही चित्रकार कुठं झाले? बँकेत आकडेमोडच करते. आण्णांनी मला चित्रकार करायला नेलंच नव्हतं रंकाळ्यावर. त्यांची रोजची पाळी, अंगावर कायम ऑइलचा वास, घरात तंगी, तरी ते डबा धरून बसले. मला आवडतंय, एवढं कारण त्यांना पुरलं.

काही जण उलट टोकाला गेलेत, त्यांचाही राग येतो. पोरगी जरा गायली की स्टेजवर, जरा नाचली की रील. बक्षीस नाही मिळालं की क्लास बदल. पोराला नुसतं रेघोट्या मारू द्या की! वाईट काढू द्या, अर्धवट सोडू द्या, चित्र कंटाळलं तर तबला वाजवू द्या. बापट कॅम्पला कुंभारांकडं घेऊन जा, माती मळताना बघू दे. चिखलात हात घालू द्या. धुतले की निघतात.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचे अंशकालीन निदेशक नेमायचं लिहिलंय. 2020 च्या शैक्षणिक धोरणात कला आणि इतर विषय यांत भिंत नको असं म्हटलंय. कागदावर सगळं आहे, आणि शाळेत एक तास होता तोही काढला. गणितात पोरं मागं आहेत हे खरं आहे, माझीही आहे. मग शाळा सुटल्यावर घ्या की ज्यादा तास, सकाळी लवकर बोलवा, मी आणून सोडते. पण दरवेळी चित्रकलेचाच, नाहीतर पीटीचाच तास का कापायचा?

लेकीला संध्याकाळी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "आई, आठवड्यात तेवढाच एक तास कोण उत्तर विचारत नव्हतं." पुढं मला काही बोलायला सुचलं नाही.

सोमवारी सकाळी मी मुख्याध्यापकांना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही. अर्ज लिहून तयार आहे, आणि ज्यादा तास केव्हा घेता येतील त्याचं वेळापत्रकही सोबत जोडलंय. आमच्या वर्गातल्या ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, मेसेज करा. ज्यांनी अंगठा दाखवलाय त्यांनीसुद्धा या. ताई, तुम्ही तर याच, जाताना मी गाडीवरून घेऊन जाते.