पिल्लू लिफ्टमध्ये नको, मग ते माणसं बघणार कुठे?

ताईच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय, कुत्र्यांना लिफ्टमधून न्यायचं की नाही. एक पार्टी म्हणते लहान मुलं घाबरतात, दुसरी पार्टी पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या गाइडलाइन्स फॉरवर्ड करते (त्यात लिफ्टबंदी करू नका असं आहे), आणि ताईचं दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू बिचारं घरातच. त्यात डॉक्टरांनी सांगितलंय की सगळी इंजेक्शनं होईपर्यंत बाहेर काढूच नका.

आता गंमत बघा, पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि लसींचा कोर्स संपतो सोळाव्याच्या आसपास. म्हणजे डॉक्टरांनी दार उघडेपर्यंत पिल्लाचं दार बंद झालेलं असतं. मग हेच कुत्रं वर्षभरानं लिफ्टमध्ये काठीवाल्या आजोबांवर भुंकतं आणि ग्रुपवर सगळे म्हणतात, बघा, सांगितलं नव्हतं?

मी राहतो जर्मनीत, हॅनोव्हरला. या राज्यात 2013 पासून पहिल्यांदा कुत्रा पाळायचा तर आधी थिअरीची परीक्षा, मग वर्षभरात प्रॅक्टिकल, शिवाय टॅक्स आणि इन्शुरन्स. पण मला यातलं काहीच पुण्यात न्यायचं नाहीये, आपल्याकडे परीक्षा आली की आधी एजंट येतो. आवडतं ते एवढंच की पहिली लस होऊन आठवडा झाला की लोक पिल्लाला क्लासला नेतात, तिथे ट्रेनर बघत असते आणि एखादं खुर्चीखाली लपलं तर दांडगटाला बाजूला घेते, लपलेल्याला ओढून बाहेर काढत नाही. आणि रस्त्यात कोणी न विचारता हात लावत नाही. आपल्याकडे "सोशल करतोय" म्हणत दहा पोरं एकदम अंगावर सोडतात, त्यानं पिल्लू शिकतं एवढंच की पोरं म्हणजे संकट!

पण पुण्यातला पार्व्हो आणि डिस्टेंपर (पिल्लांच्या जिवावर बेतणारे संसर्गजन्य आजार) खरा आहे, रस्त्यावरची सगळी कुत्री लस घेतलेली नसतात, त्यामुळे इथलं जसंच्या तसं तिथे चालणार नाही हे मान्य. मग जमिनीवर ठेवू नका ना, कडेवर घ्या! रिक्षाचा हॉर्न, भाजीवाली, हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय, भिंतीवरची मांजर, सगळं गेटपाशी दहा मिनिटांत दिसतं. इथे शांत रस्त्यावर हे सगळं शोधत फिरावं लागतं. ओळखीचा, लसी झालेला एखादा शांत मोठा कुत्रा घरी बोलवा, तो क्लासच झाला.

मी ताईला म्हटलं, रविवारी सकाळी तासभर गच्ची मागा, लस सुरू झालेली पिल्लं आणि ज्या मुलांना भीती घालवायचीये ती, आईबाबांसकट. तिनं ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरीकाकांचं उत्तर आलं, पुढच्या एजीएमला विषय घेऊ. तोवर पिल्लू घोड्याएवढं झालेलं असेल.